सह्याद्रीत आठ महिने वापरलेले ट्रेकिंगचे बूट

जूनमध्ये, पाऊस तोंडावर आलेला असताना हे बूट घेतले. घोट्याच्या वर येणारे, आत पाणी शिरू न देणारं अस्तर असलेले. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि सतरा गड झालेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

ते अस्तर आपल्या पावसात उपयोगाचं नाही. विसापूरची पायऱ्यांची वाट म्हणजे जुलैत चक्क धबधबाच. पाणी वरून, घोट्यापाशी शिरतं आणि एकदा शिरलं की त्याच अस्तरामुळे बाहेर पडत नाही. माथ्यावर बूट उलटा केला तर वाटीभर पाणी निघालं. पुढच्या पावसाळ्यात मी पाणी निथळून जाणारे जाळीचे बूट घालणार. शेवाळलेल्या कातळावर तर कुठल्याच सोलचा भरवसा नाही, तिथे पाऊल सपाट आणि सावकाश टाकायचं.

कोरड्या कातळावर मात्र हे बूट सोनं आहेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी कितीतरी गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, पण हरिहरच्या उभ्या पायऱ्या वाचल्या, हे आपलं भाग्य. त्या उतरताना तोंड कड्याकडे ठेवावं लागतं. हात खोबणीत, आणि खालची पायरी दिसत नाही, चवड्यानेच चाचपायची. बुटाचं टोक मऊ असेल तर तिथे पाय लटपटतो. यांचं टोक कडक आहे. झिजलेल्या काठावर चवडा बसला की पोटऱ्या थरथरत असल्या तरी बूट हलला नाही.

पण खरा कस लागतो तो घसाऱ्यावर. दिवाळीनंतर गवत वाळतं, मुरूम सुटा होतो आणि चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. डिसेंबरात तोरणा ते राजगड केला. बुधला माचीवरून उतरून धार धरली, तेव्हा टाच रोवली की सोलच्या खोल खाचा माती पकडून ठेवत होत्या. बूट घेताना अर्धा नंबर मोठाच घ्या. माझ्या मापाला अगदी नेमके होते, तर पहिल्याच मोठ्या उतारावर अंगठ्याचं नख काळं पडलं.

त्याच ट्रेकला राजगडाच्या अळू दरवाजाखाली उजव्या बुटाचा सोल पुढून उघडला. जिभेसारखा लोंबायला लागला. सॅकमधली नाडी तीन वेढे देऊन बांधली आणि चोर दरवाजाने गुंजवण्यात उतरलो. त्या उभ्या वाटेवर प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागलं. कंपनीने ‘वापरामुळे झालं’ म्हणून हात वर केले, त्याचा राग अजून आहे. डोंगरात वापरायच्या बुटाचा सोल नुसता चिकटवून भागत नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्या काकांकडून दोन्ही बूट कडेने जाड दोऱ्याने शिवून घेतले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आणि भिजलेले बूट उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, बोळे दोनदा बदला.

शिवल्यानंतर जानेवारीत साल्हेर झाला, १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. परशुराम मंदिरापर्यंत गेलो, खाली उतरलो, शिवण जशीच्या तशी होती.