काटा चारवरच होता

फर्दापूर मागे पडलं आणि अजिंठ्याच्या घाटात दुसऱ्या वळणावर गाडी मेली. मागे दीड टन केळी, एप्रिलचं ऊन, वेळ सकाळी साडेदहाची. सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतंय, पकडत नाही. डॅशबोर्डवर नवीन बसवलेल्या डिझेल प्रेशरच्या मीटरचा काटा मात्र चारवर. इंजिन बंद, गाडी कडेला, तरी चारवरच. या मीटरचे आणि त्याच्या जोडीला टाकलेल्या डिझेलच्या ‘मोठ्या लाइन’चे मी बावीस दिवसांपूर्वी २३,५०० रुपये मोजले होते.

झालं होतं असं. माझी पिकअप चढाला ओढेना. रावेरहून सावदा, भुसावळ, जळगाव इथपर्यंत सपाटीवर ठीक, पण माल भरून चढ लागला की दम टाकायची. सकाळी स्टार्टिंगलाही वेळ घ्यायची. हायवेला लागून एक गॅरेज आहे, बाहेर मोठमोठे बोर्ड, आत एसीची केबिन. नाव लिहीत नाही. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, एक नळी दाबून पाहिली आणि म्हणाला, “भाऊ, कंपनीची लाइन बारीक आहे. लोड आला की इंजिन उपाशी राहतं. मोठी लाइन टाकू, सोबत प्रेशर मीटर लावू. म्हणजे डिझेल किती येतंय ते तुम्हाला बसल्या जागी दिसेल.”

उपाशी इंजिन! मला ते पटलंच. केळीला ड्रिपची लाइन बारीक पडली की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, हे आम्ही लहानपणापासून बघतो. त्याने बरोबर माझ्या शेतातली भाषा बोलून मला घेतलं. स्कॅनर लावला नाही, आधी फिल्टर उघडून पाहिला नाही, आणि मीही विचारलं नाही. दोन दिवसांनी गाडी मिळाली. नळ्यांवर काळं नालीदार कव्हर, चकचकीत क्लिपा, डॅशबोर्डवर निळ्या लाइटचं गोल मीटर. चावी फिरवली की काटा टुणकन चारवर. “चार बार. एकदम फिट,” तो म्हणाला. बार म्हणजे दाबाचं माप. पक्कं बिल मागितलं तर, “जीएसटी लागेल, उगाच चार हजार वाढतील.” वहीच्या पानावर आकडा लिहून दिला. जुन्या नळ्या मी मागितल्याच नाहीत, ही माझी दुसरी चूक.

पहिले आठ-दहा दिवस गाडी खरंच बरी वाटली. नवीन फिल्टर त्याने टाकला होता, तो गुण त्याचा असणार, हे आता कळतं. मग रात्री उभ्या गाडीखाली डिझेलचा डाग दिसू लागला. फोन केला तर म्हणाला, “नवीन नळी आहे, बसायला वेळ लागतो.” मी आपला रोज काट्याकडे बघून निर्धास्त. काटा चारवर म्हणजे सगळं ठीक.

घाटातून गाडी ओढून खाली आणली, माल दुसऱ्या पिकअपमध्ये भरला. बाजारात पोचेपर्यंत घड पिवळे पडायला लागले होते. भाव किती तुटला ते लिहायलाही नको वाटतं. गाडी आणली भुसावळला, एका जुन्या पंप-नोझलवाल्या काकांकडे. त्यांचं अर्धं आयुष्य डिझेल पंप खोलण्यात गेलेलं.

काकांनी आधी नळ्यांना हातच लावला नाही. मीटरमागे हात घालून सेन्सरकडे जाणारी वायर ओढली. वायर फायरवॉलपर्यंत, म्हणजे केबिन आणि इंजिनमधल्या पत्र्यापर्यंत गेली आणि तिथेच संपली. टोकाला एक रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा चिमुकला भाग, गाडीच्या बॉडीला अर्थिंग केलेला, वर टेप. बस. नळीवर सेन्सर नव्हताच. चावी दिली की त्या रेझिस्टरमुळे काटा चारवर जाऊन बसायचा, टाकी रिकामी असो की भरलेली.

“पाय भो,” काका म्हणाले, “तुझ्या गाडीला टाकीत पंपच नाही. पुढचा पंप डिझेल ओढून घेतो. उसाचा रस तू नळीने पितोस, तेव्हा नळीत दाब असतो का?” टाकीपासून त्या पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते, दाब नाही. चार बार दाखवायचं म्हटलं तरी दाखवता येणार नाही. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांचं वेगळं, तिथे लाइनला खरोखर दाब असतो. माझ्यासारख्या कॉमन रेल गाडीत ज्या दाबावर सगळं चालतं तो रेलमध्ये, म्हणजे पंपाच्या पुढे इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या जाड पाइपमध्ये, आयडलला अंदाजे तीनशे बार आणि लोडवर हजाराच्या वर. त्याचा सेन्सर कंपनीतूनच बसवलेला असतो. स्कॅनर लावला की किती हवाय आणि किती मिळतोय, दोन्ही आकडे समोर येतात. म्हणजे मीटर माझ्या गाडीत पहिल्यापासून होतं, मी २३,५०० देऊन खोटं विकत घेतलं. (रेलच्या लोखंडी पाइपचे नट चालू इंजिनवर कुणी ढिले करू नका; ती बारीक धार कातडीतून आत घुसते.)

मग काकांनी काळं कव्हर सोललं. आतली नळी बघून मीच गप्प झालो. बागेत औषध फवारतो त्या पंपाची नळी. वरची छपाई पॉलिश पेपरने घासलेली, पण एका जागी अर्धा आकडा राहिला होता. पीव्हीसीची नळी डिझेलमध्ये राहिली की तिच्यातला मऊपणा डिझेल खेचून घेतं, ती आकसते, कडक होते आणि क्लिपपाशी ढिली पडते. गाडी चालू असताना तिथून हवा आत, बंद असताना डिझेल बाहेर. इंजिनजवळचा तुकडा उष्णतेने मऊ होऊन चपटा झालेला. घाटात पूर्ण लोडवर ओढ वाढली आणि गाडीने एअर घेतली. काका म्हणाले, “नशीब समज, गरम टर्बोवर ठिबकलं नाही.”

मूळ दुखणं होतं टाकीवरची चिरलेली रबरी नळी; नव्या फिल्टरमध्येही पाणी साचलं होतं. कंपनीची डिझेलची नळी, नवीन तांब्याचे वॉशर, फिल्टर, हातपंपाने एअर काढणं आणि मजुरी मिळून ३,४०० रुपये. काकांनी पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी लावून दहा मिनिटं रेस दिली. बुडबुडा आला नाही. मग ती काढून नेहमीची लावली. माझ्या मते याहून खरं मीटर नाही.

कुणी असं मीटर बसवून देत असेल तर तिथेच उभं राहून नळीवरच्या सेन्सरची वायर काढायला सांगा. काट्याने जागा सोडली पाहिजे. रेस दिल्यावर थोडा तरी हलला पाहिजे. आणि नळीवरची छपाई वाचा, नळी डिझेलचीच आहे का बघा.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणाला, “दुसऱ्याने हात लावला, आता आमची जबाबदारी नाही.” बिल मागितलं तर, “कसलं बिल?” मी १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. माझी शंका होती की पिकअप धंद्याची, मी ग्राहक कसला? पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा त्या कायद्यात ग्राहक धरला जातो. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. वहीचं पान, ऑनलाइन पैसे पाठवल्याची नोंद, काकांच्या बिलाची प्रत असं सगळं जोडून जळगावला अर्ज दिला आहे.

मीटर आणि नळीचा तुकडा पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, तारखेला न्यायचा म्हणून. परवा पोराने मीटर काढून जुन्या बॅटरीला रेझिस्टरसकट जोडलं. काटा चारवर गेला.