बीगल, वापरलेली, फुकट: एका जाहिरात-साइटचा सात महिन्यांचा अनुभव

या साइटबद्दल माझी कधी काही तक्रार नव्हती. जुना मिक्सर इथे विकला, मुलाची सायकल विकली, वरच्या खोल्यांची जाहिरातही दर वेळी इथेच टाकते. साइट कशी चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते सांगत बसत नाही. मी लिहितेय ते फक्त 'पाळीव प्राणी' या कप्प्याबद्दल, आणि त्यातही मुख्यतः एका हिरव्या पट्टीबद्दल.

मे महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सोडून गेले. नवरा-बायको, दोघंही घरून कॉम्प्युटरवर काम करणारी. गोव्यात राहायची हौस दोन वर्षांत फिटली. जाताना डिपॉझिट मोजून घेतलं, गॅस सिलिंडर नेला, पडद्यांचे गजसुद्धा काढून नेले. त्यांची बीगल जातीची कुत्री तेवढी राहिली. "काकी, पंधरा दिवसांत येऊन नेतो, तिकडे फ्लॅट लागू दे." पंधरा दिवसांनी फोन उचलला. महिन्याने उचलला नाही. शेजारीण रोज कुंपणावरून विचारायची, "आजून व्हरूंक ना गो?" म्हणजे, अजून नेली नाही का गं?

असं जनावर टाकून जाणं गुन्हा आहे का, ते मी शोधलं. आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्यात कारण नसताना प्राणी उपासमारीच्या वाटेवर सोडून देणं हा गुन्हा धरलाय. पहिल्या वेळेचा दंड कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. मी दोनदा वाचलं. पन्नास रुपयांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आता धड मोठा नारळ येत नाही.

इकडे माझा खर्च सुरू. बीगलला भूक लागते असं म्हणणं चुकीचं आहे, ती भूक जातच नाही. त्यात कान. लांब, लोंबते, आत वारा जात नाही. आपला पावसाळा म्हणजे चपलांना बुरशी, मसाल्याच्या डब्याला बुरशी, तशीच तिच्या कानांनाही. थेंबांची बाटली पंधरा दिवसांत संपायची. आणि आवाज! सकाळी पोदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, भोंगा वाजला की तोंड वर करून असा गळा काढायची की पोदेर सायकल थांबवून हसत बसायचा. त्याला हसू यायचं, त्याची सायकल पाच मिनिटांत पुढे जायची.

बार्देश तालुक्यातल्या प्राण्यांच्या दोन-तीन आसऱ्यांना फोन केले. सगळीकडे भरलेलं. एकीने स्पष्ट सांगितलं, "जातीची आहे, घर मिळेल, तुम्हीच शोधा. पण पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केल्याशिवाय देऊ नका." मी हो हो म्हटलं. दवाखान्यात खर्च विचारला तर तपासण्या धरून साडेसहा हजार. दुसऱ्याच्या कुत्रीसाठी साडेसहा हजार! मी सरळ जाहिरात टाकली.

आता तो फॉर्म. प्राण्यांसाठी वेगळा फॉर्म नाही, फ्रिज-सोफ्याचाच आहे. 'स्थिती: नवीन / वापरलेलं.' तिसरा पर्याय नाही. मी 'वापरलेलं' निवडलं. 'बिल आहे का?' नाही. 'किंमत' हा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून शून्य टाकलं. आणि शून्य टाकलं की फोटोच्या कोपऱ्यात आपोआप हिरवी पट्टी येते: फुकट. ती काढता येत नाही. फोटो लहान दिसतो, पट्टी मोठी. लांबून बघणाऱ्याला कुत्रं आहे की कपाट ते कळणार नाही, पण फुकट आहे एवढं नक्की कळेल.

पहिल्या दिवशी साठाच्या वर मेसेज. निम्म्यांत नुसतं 'अवेलेबल?' एकाने विचारलं, 'लास्ट प्राइस?' शून्याची लास्ट प्राइस काय असते ते मला अजून समजलेलं नाही. एकाला मडगावला पोचती करून हवी होती, पेट्रोल माझं. मेल, म्हणजे नर, आहे का, दुसरा रंग आहे का, हेही झालं.

त्याच दिवशी, तुलनेला बरं म्हणून सांगते, आमच्या मागच्या भाटातल्या, म्हणजे माडांच्या बागेतल्या, गावठी कुत्रीची चार पिल्लंही मी टाकली होती. तीच साइट, तीच हिरवी पट्टी. तीन आठवड्यांत एक मेसेज, तोही चुकून आलेला.

बीगलला दुसऱ्या दिवशी माणूस मिळाला. सभ्य, गोड बोलणारा, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. मुलगी बघून मी काही विचारलंच नाही, त्यानेच विचारलं. पेपर, म्हणजे जातीचा दाखला, आहेत का? नाहीत. माजावर, म्हणजे हीटवर, कधी आली होती? चॅटवर विचारलं होतं तेच पुन्हा. मी बावळटासारखी महिना आठवून सांगितला. ऑपरेशन केलंय का? नाही म्हटल्यावर, "बरं झालं, उगाच जनावराला त्रास," म्हणाला. मला वाटलं, किती हळवा माणूस. उरलेलं खाणं, पट्टा, कानाचे थेंब, सगळं पिशवीत घालून दिलं. साइटला चार तारे दिले. पाचवा त्या फॉर्मपायी कापला.

ऑगस्टमध्ये खोल्यांची जाहिरात टाकायला बसले होते. सहज त्या कप्प्यात डोकावले, आणि फोटोत आमचा सोपा, पुढची ओसरी. लाल कोबा, तिसऱ्या पायरीची चीर, कोपऱ्यात माझ्या चपला. मध्ये ती. मीच काढलेला फोटो. खाली: 'बीगल फीमेल, २ वर्षं, हीट रेग्युलर, ब्रीडिंगला उत्तम, शांत स्वभाव.' किंमत ८,०००. 'शांत स्वभाव' हे शब्दसुद्धा माझे होते. ते मुळातच खोटे होते, पण ते खोटं माझं होतं.

खरं सांगते, पहिला विचार तिचा आला नाही. आठ हजार हाच विचार आला. मी पिशवीत थेंबांची बाटली घालून दिली, आणि तो आठ हजार घेतोय.

साइटवर 'तक्रार करा' असं बटण आहे. कारणं चार: चुकीचा विभाग, दोनदा टाकलेली जाहिरात, वस्तू विकली गेली आहे, आक्षेपार्ह मजकूर. मी चारही कारणं देऊन चार तक्रारी केल्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातल्या व्यवहाराशी कंपनीचा संबंध नाही. मी परत लिहिलं. परत उत्तर: 'आमच्या नोंदीनुसार आपण ही वस्तू मोफत दिलेली आहे.' हे कुणा माणसाने लिहिलं असेल तर त्याच्या घरच्यांना माझा नमस्कार.

मग त्या माणसाच्या बाकीच्या जाहिराती उघडून बघितल्या. आणखी तीन माद्या, तीन जातींच्या, आणि लॅब्राडोरची पिल्लं, 'एक महिन्याची, लगेच घेऊन जा'. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. कुत्रीला साधारण वर्षातून दोनदा हीट येते. ६३ दिवसांच्या आसपास गाभण राहते. बीगलला एका खेपेला पाच-सहा पिल्लं सहज होतात. एका पिल्लाचे हजार किती येतात ते त्याच कप्प्यात दिसतं. म्हणजे आसऱ्यातली बाई जे ओरडून सांगत होती त्याचा अर्थ हा. ऑपरेशन न केलेली जातीची मादी फुकट देणं म्हणजे दुसऱ्याला कारखाना फुकट देणं, आणि वर हिरवी पट्टी लावून बोलावणं.

कुत्र्यांच्या पैदाशीचे २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. मी दिराला घेऊन गेले. आम्ही गिऱ्हाईक म्हणूनच फोन केला होता. गेटवर मला बघून त्याचा चेहरा उतरला, पण भाव उतरला नाही. "मॅडम, दोन महिने खायला घातलंय." मग मी नोंदणीचा नंबर विचारला. महिन्याची पिल्लं कोणत्या नियमात बसतात ते विचारलं. साइटवरची आमची जुनी चॅट काढली. एक मान्य करते, तिथली चॅट पुसली जात नाही. त्याने हीटबद्दल विचारलेलं तारखेसकट होतं. आठाचे सात झाले, सातचे पाच. पाच हजारांवर मी तुटेपर्यंत ताणलं, नाही उतरला. दीर गाडीतून हॉर्न वाजवत होता.

म्हणजे फुकट दिलेली कुत्री मी पाच हजारांना विकत घेतली. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. कान आतून काळे, डोकं सारखं एका बाजूला झटकायची. पिल्लं अजून झाली नव्हती, तेवढं नशीब. घरी आल्यावर पोदेर आला, भोंगा वाजला, ती उठली नाही. चार दिवस उठली नाही.

इथवर लिहून मी हे ठेवून दिलं होतं, सप्टेंबरात, एक तारा देऊन. सगळा राग साइटवर होता. आता जानेवारीत परत वाचताना त्यातल्या दोन-तीन गोष्टी बदलाव्याशा वाटतात.

एक म्हणजे, शून्य मी टाकलं होतं. साइटने रकाना भरायला लावला, आकडा माझाच. साडेसहा हजार वाचवायला गेले आणि पाच हजार घालून तेच साडेसहा हजार पुन्हा मोजले, कानांचे बाराशे वेगळे. दुसरं, अशी साइट नसती तर लोक काय करतात तेही मी लहानपणापासून बघितलंय. म्हापशाच्या बाजारात मासळीच्या बाजूला खोक्यात मांजरीची पिल्लं, देवळाच्या आवारात बोचक्यात कुत्र्याची. त्यापेक्षा जाहिरात बरी. निदान कुणाच्या हातात गेलं ते दिसतं. (त्याच कप्प्यात 'बोलका पोपट, पिंजऱ्यासह' असतो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडचा पोपट घरात ठेवताच येत नाही, आणि त्यालाही हिरवी पट्टी. तो विषय वेगळा.)

ऑपरेशन ऑक्टोबरात केलं. हीट संपायची वाट बघावी लागली. दहा दिवस गळ्यात प्लास्टिकची कॉलर, तिने दारांच्या सगळ्या चौकटी ठोकल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न केलेल्या माद्यांना पुढे गर्भाशयात पू होऊ शकतो, ते निस्तरणं याहून महाग. हे कुणी मे महिन्यात या शब्दांत सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. मला 'महाग' कळतं.

नोव्हेंबरात पुन्हा तीच साइट, तोच फॉर्म. पहिल्याच ओळीत लिहिलं: 'ऑपरेशन झालेलं आहे, पिल्लं होणार नाहीत.' किंमत ३,०००. हिरवी पट्टी आली नाही. साठाच्या जागी तीन आठवड्यांत पाच मेसेज. त्यातल्या दोघांनी मला झापलं: मुकं जनावर विकता, लाज नाही वाटत? एकीने तर मला पुण्य-पाप समजावलं. मी ऑपरेशनचं बिल फोटो काढून पाठवलं आणि पुण्यात अर्धा वाटा मागितला. उत्तर नाही आलं.

पाचवा मेसेज सावईवेऱ्याकडच्या एका कुळागरवाल्या, म्हणजे पोफळीची बाग असलेल्या, जोडप्याचा. पन्नाशीची, मुलं बाहेरगावी. त्यांनी पेपर विचारले नाहीत. बाईंनी विचारलं, "कान कसे आहेत हिचे?" मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले.

ते दोनदा आले, मी एकदा त्यांच्याकडे जाऊन आले. विहिरीला कठडा आहे का, फाटक लागतं का, रात्री कुठे झोपवणार, सगळं बघितलं. बीगल वासाच्या मागे गेली की हाक ऐकत नाही, हे बजावून सांगितलं. रेबीजच्या लसीचं कार्ड त्यांनी मागून घेतलं. ती लस मात्र फुकटच मिळाली होती. आपल्याकडे वाड्यावाड्यांवर जाळी घेऊन टोचायला येतात ना, भटक्यांना टोचून डोक्यावर रंग लावतात, तीच मंडळी दारात आली तेव्हा हिलाही टोचून गेली. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला तो या लोकांच्या पायपिटीवर. त्या 'फुकट'बद्दल माझं काही म्हणणं नाही.

कागदावर एक ओळ लिहून घेतली: नको झाली तर दुसऱ्या कुणाला न देता परत आणायची. पुरुषमाणूस सही करताना हसला, बाई हसल्या नाहीत. तीन हजार रोख दिले, शंभराच्या नोटांत. आता ती माकडांवर भुंकते म्हणे, पोफळीखाली दिवसभर. पोदेर तिथेही जातो, आणि तिथेही तिचं तेच चालू आहे, असा व्हिडिओ आला होता. माझ्या फोनवर तो जरा मोठ्याने वाजला तर आमचा नवरा बाहेर जाऊन बघून आला.

भाटातल्या चार गावठी पिल्लांपैकी एक पोदेराने नेलं. दोघांना शाळेतल्या एका बाईंनी आपल्या ओळखीत घरं दिली. चौथं सोप्यावर आहे, त्याला कान साफ करावे लागत नाहीत.

तर तारे दीड. एक चॅटसाठी, अर्धा त्या पाचव्या मेसेजसाठी. त्या फॉर्मला एकही नाही. शून्य टाकणाऱ्याला निदान एकदा विचारा, की ऑपरेशन झालंय का. मिक्सर विकताना मला वॉरंटी तीनदा विचारली होती.

हिशेब मांडला तर ९,७०० रुपये अजून माझ्या अंगावर आहेत, खाणं न धरता. ते त्या जुन्या भाडेकरूंच्या डिपॉझिटमधून कापायला हवे होते. डिपॉझिट मी कुत्रीकडे बघत-बघत मोजून दिलं, ही चूक कुठल्याच साइटची नाही. आता वर नवे भाडेकरू आलेत. त्यांच्याकडे मांजर आहे. मी एक महिन्याचं डिपॉझिट जास्त घेतलंय.