लोकसंख्या आणि स्थलांतर: सीताबर्डीत मिळणाऱ्या स्पायरल नोट्स

स्पर्धा परीक्षेसाठी घ्यायला हरकत नाही, पण पेन हातात ठेवून वाचा.

घनतेचं प्रकरण मस्त जमलंय. २०११ च्या जनगणनेतली नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७०, भागिले क्षेत्रफळ ९,८९२ चौ. किमी, म्हणजे दर चौ. किमीला सुमारे ४७० माणसं. बाजूलाच गडचिरोलीचा ७४ हा आकडा दिलाय. जंगल आणि विरळ वस्ती लगेच डोळ्यांपुढे येते.

नैसर्गिक वाढीत मात्र घोळ आहे. जन्मदर २०, मृत्युदर ७, फरक १३, आणि उत्तर सरळ १३ टक्के! हे दर हजारी असतात, म्हणून १० ने भागायचं: १.३ टक्के. पेपरात पर्याय नेमके असेच फसवे असतात.

स्थलांतराचं मुख्य कारण नोकरी, हे सरसकट विधानही खोडा. जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण विवाह आहे. अमरावतीत जन्मलेली, लग्नानंतर वर्ध्यात राहिलेली बाई आता नागपुरात आली, तर स्थलांतर मोजताना तिचं जन्मस्थान अमरावती, पण मागील निवासस्थान वर्धा. हा फरक नोट्समध्ये नाहीच, आणि तो असायलाच हवा होता.

नकाशे झेरॉक्समध्ये काळे पडलेत. छटा ओळखू येत नाहीत.