ओलान्झापिन: जनऔषधी की ब्रँड? काही महिने वापरल्यानंतर

ओलान्झापिन म्हणजे स्किझोफ्रेनिया, बायपोलरसारख्या मानसिक आजारांवरची गोळी. स्वस्त गोळी म्हणजे कमी ताकदीची, हे आधी डोक्यातून काढा. ब्रँडेड 10 एमजी बदलून जनऔषधीची 10 एमजी सुरू केल्यावर फरक पडला तो बिलात. खर्च निम्म्याहून खाली आला. झोप तशीच, भूक तशीच खवळलेली. वजनही दोन्हींवर सारखंच वाढतं, त्यामुळे वजन, उपाशीपोटी साखर आणि लिपिड तपासणं यातून सुटका नाही.

मुळात आपल्याकडे 'ओरिजिनल' म्हणून विकली जाते तीही जेनेरिकच, म्हणजे मूळ कंपनीची नसलेली, तेच औषध असलेली गोळी असते. मूळ औषध एलाय लिलीचं झायप्रेक्सा, अमेरिकेत 1996 साली मंजूर झालेलं. तिथलं पेटंट 2011 साली संपलं. भारतात 2005 पर्यंत औषधाच्या रेणूला पेटंट मिळतच नव्हतं, म्हणून आपल्या कंपन्या आपापली नावं लावून ती बनवत आल्या. ज्यादा पैसे जातात ते त्या नावाचे.

जेनेरिक मूळ औषधाच्या '80 ते 125 टक्के चालतं' हे ऐकून लोक घाबरतात. पण ही मोकळीक गोळीतल्या औषधाला नाही. दोन्ही गोळ्या घेतल्यावर रक्तात येणाऱ्या औषधाच्या प्रमाणाची तुलना करतात, आणि तेव्हा सरासरीच्या दोन्ही बाजूंची विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असं गणित सांगतं, तो अख्खा पट्टा) पूर्णपणे या चौकटीत बसावी लागते. सरासरीच 20 टक्क्यांनी घसरली तर खालचं टोक बाहेर जातं आणि गोळी नापास होते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, 1996 ते 2007 मधल्या अशा 2070 चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. शिवाय रक्तातलं ओलान्झापिन निम्मं व्हायला सरासरी 30 तास लागतात, त्यामुळे रोजचा किरकोळ चढउतार त्यात जिरतो. आपल्याकडे मात्र कमी विरघळणाऱ्या औषधांच्या नव्या परवान्यांना ही चाचणी सक्तीची झाली ती 2017 मध्ये. म्हणून एक कंपनी लागू पडली की तीच धरून ठेवावी.

आणि इथेच मेडिकलवाले डोकं फिरवतात. सहा गोळ्या मागितल्या की कात्रीने स्ट्रिप कापतात. बॅच आणि एक्स्पायरी छापलेलं टोक दुकानात राहतं, आपल्या हातात बिननावाचा चमचमता तुकडा. 2018 पासून औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा ठळक छापायचा नियम आहे, पण कात्री नेमकी त्या नावावरूनच फिरते. मागच्या महिन्यात पांढरी गोल, या महिन्यात पिवळी लांबट. 'एकच आहे हो, घ्या!' आधीच संशय घेणारा पेशंट 'ही माझी गोळी नाही' म्हणून ती बाजूला सारतो, आणि चार दिवसांनी दोष जेनेरिकला. चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल तर डॉक्टरांना न विचारता तो बदलायचा अधिकार केमिस्टला नाही, हे काउंटरवर ठणकावून सांगा. पूर्ण स्ट्रिपच घ्या, रिकामी स्ट्रिप पुढच्या खरेदीपर्यंत जपा, आणि एमजीचा आकडा स्वतः वाचा. 5 आणि 10 दिसायला जुळ्या असू शकतात.

तोंडात विरघळणारी एमडी गोळी सुरुवातीला निव्वळ पैसे उकळणं वाटलं. ती लवकर लागू पडते हा समज चुकीचाच. शोषण साध्या गोळीइतकंच. पण गालात लपवून नंतर थुंकणाऱ्या पेशंटसाठी ती पैसे वसूल करते, हे आता मान्य. सोलायची स्ट्रिप असेल तर गोळी दाबून काढू नका, तुटते. बोटं कोरडी ठेवा.

'जेनेरिक लागू पडेना' म्हणण्याआधी बिडी-सिगारेटचा हिशोब मांडा. धुरातल्या घटकांमुळे यकृत हे औषध लवकर संपवतं; ओढणाऱ्यांमध्ये ते सुमारे 40 टक्के जास्त वेगाने बाहेर पडतं. हा परिणाम निकोटिनचा नाही, म्हणून नुसती तंबाखू चघळण्याने तो होत नाही. वॉर्डात बिडी बंद असताना बसवलेला डोस घरी बिडी सुरू झाली की तोकडा पडतो, आणि एकदम सोडली तर उलट गुंगी वाढते. दोन्ही वेळी डोस स्वतः हलवू नका. रोजच्या किती, हा आकडा डॉक्टरांना सांगा.