डीबीए की बोल्ट अ‍ॅक्शन: आधी कोणते नियम शिकावेत?
गिरगावातला भाचा सैनिकांच्या छोट्या पुतळ्यांचे युद्धखेळ शिकायचं म्हणतोय, पण डीबीए (प्राचीन लढायांचे नियम) आणि बोल्ट अ‍ॅक्शन (दुसऱ्या महायुद्धाचे नियम) या दोनांत अडलाय.

बोल्ट अ‍ॅक्शनला साधारण सहा बाय चार फुटांचं टेबल लागतं. वन रूम किचनमध्ये ते कठीणच. डीबीएला दोन फुटांचा चौरस पुरतो. प्रत्येक खेळाडूकडे फक्त १२ तुकड्या, म्हणून खर्च आणि रंगकामही कमी.

डीबीएत फाशावर पडेल तितक्याच चाली मिळतात. गणित सोपं, पण नियमांची भाषा इतकी आवळलेली की एकेक वाक्य मी तीनदा वाचलं. शिकवणारा हवाच. बोल्ट अ‍ॅक्शन वाचून उमजतं. दोघांचे फासे एका पिशवीत असतात; त्यातून ज्याचा फासा निघेल त्याची एक तुकडी हलते, कुणी ताटकळत नाही.

प्राचीन लढाया, छोटं घर, जाणता जोडीदार असेल तर डीबीए. दुसरं महायुद्ध आवडतं, एकट्यानेच शिकायचंय आणि सोसायटीचा हॉल मिळतो, तर बोल्ट अ‍ॅक्शन.