रूट्स की सेंट्रिफ्यूगल? कार्ब्युरेटरच्या बोटीला सुपरचार्जर बसवताना

कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल इंजिनाच्या बोटीला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप (ब्लोअर), बसवायचा झाल्यास मुख्यतः दोन पर्याय समोर येतात. रूट्स प्रकारात कार्ब्युरेटर ब्लोअरच्या डोक्यावर बसतो आणि ब्लोअर हवा-पेट्रोलचे तयार मिश्रण आत ओढतो. सेंट्रिफ्यूगल प्रकारात ब्लोअर आधी हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून पुढे जाते. बाकीचे बहुतेक फरक कार्ब्युरेटरच्या या जागेमुळेच पडतात.

रूट्स कमी आरपीएमलाच भरपूर बूस्ट (वातावरणापेक्षा जास्तीचा दाब) देतो. सेंट्रिफ्यूगलचा दाब साधारणपणे वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ५००० आरपीएमला ८ पीएसआय (दाबाचे एकक) देणारा ब्लोअर २५०० ला जेमतेम २ देतो. गोव्यात आग्वादच्या पुढे खुल्या समुद्रात दोघांनीच वेगाने जायचे असेल, तर हे पुरते. परंतु मांडवी नदीत फेरीबोटी आणि कॅसिनोच्या जहाजांमधून हळूहळू वाट काढत आलेली, सहा-सात माणसांनी भरलेली बोट मिरामारसमोर पाण्यावर चढवायची, म्हणजे पृष्ठभागावरून सरकेल इतक्या वेगाला न्यायची असते, तेव्हा जोर मधल्या आरपीएमलाच लागतो, आणि तेथे रूट्स सरस ठरतो.

मिश्रणाच्या बाबतीत रूट्सची एक खोच आहे. कार्ब्युरेटरखाली निर्वात असतानाच ब्लोअरखालच्या मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळीत) बूस्ट चढलेला असू शकतो. अशा वेळी भाराखाली जादा पेट्रोल सोडणारा पॉवर व्हॉल्व्ह निर्वातामुळे बंदच राहतो आणि इंजिन नेमके भाराखाली लीन (पेट्रोल कमी पडून) चालते. म्हणून त्या व्हॉल्व्हची निर्वाताची नळी मॅनिफोल्डवरून घ्यावी लागते. सेंट्रिफ्यूगलचे काम अधिक किचकट आहे: पेट्रोलचा दाब बूस्टसोबत वाढावा लागतो (मूळ ६ पीएसआय आणि बूस्ट ६, म्हणजे १२), कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ फ्लोट दाबाने चेपू शकतो म्हणून भरीव फ्लोट लागतो आणि थ्रॉटलच्या दांड्याचे सील पक्के नसल्यास मिश्रण बाहेर फुटते. मोटारीत तो वास उडून जाईल. बोटीत पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) साचते. माझ्या मते या एका कारणासाठीच बंद इंजिनघरात रूट्स बरा. सेंट्रिफ्यूगलला पाण्याचा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारे उपकरण) सहज जोडता येतो हे खरे, पण आपल्याकडच्या समुद्राचे पाणीच २८ ते ३० अंशांचे असते, तेव्हा हवा त्याखाली उतरत नाही.

कोणताही ब्लोअर निवडला, तरी मोटारीप्रमाणे गिअर बदलताना मिळणारी उसंत बोटीच्या इंजिनाला मिळत नाही. पूर्ण भाराला लॅम्बडा (हवा-पेट्रोलचे आदर्श प्रमाणाशी गुणोत्तर) ०.८० च्या आसपास, म्हणजे एका भाग पेट्रोलला सुमारे ११.८ भाग हवा, ठेवावा आणि दर पीएसआयमागे टायमिंग (ठिणगीची वेळ) साधारण एक अंश मागे घ्यावे. शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटवर (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) ई-२० इंधन (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) लीन जाते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळत असल्याने ऑक्सिजन सेन्सर त्या ठिकाणाच्या पुरेसा आधी बसवता आला नाही, तर तो टिकत नाही. मग प्लग वाचणेच, म्हणजे स्पार्क प्लग काढून त्यावरच्या खुणा पाहणेच, हाती उरते. मांडवीकाठच्या ब्रिटोनाला पूर्ण थ्रॉटलवरून थेट इग्निशन बंद करून काढलेल्या एका प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीएवढे चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण मी भिंगाखाली पाहिले होते. पिस्टन वितळू लागल्याची ती खूण होती, आणि कानाला नॉकिंग (मिश्रणाच्या अवेळी स्फोटाची टकटक) अजिबात ऐकू आले नव्हते.

ब्लोअर फिरवणारी पुली सुरुवातीला ५ पीएसआय बूस्ट देणारीच घ्यावी. बूस्टमुळे इंजिन मर्यादेच्या वर फिरू लागल्यास प्रोपेलरचा पिच (एका फेरीत पुढे सरकण्याचे अंतर) वाढवावा. एका इंचाने साधारण १५० ते २०० आरपीएम उतरतात.