डेव्हनेट असोसिएट: पास झाल्यानंतरचे दहा महिने

गेल्या जूनमध्ये मी सिस्कोची (नेटवर्कची उपकरणं बनवणारी कंपनी) डेव्हनेट असोसिएट, म्हणजे नेटवर्कची कामं प्रोग्रामनं करण्यावरची २००-९०१ ही परीक्षा पास झाले. त्याच आठवड्यात अनुभव लिहायला बसले असते, तर सगळं परीक्षेबद्दलच झालं असतं. आता त्यातलं शिकलेलं दहा महिने रोजच्या कामात वापरून झालं आहे. काय टिकलं आणि काय विसरायला झालं, हे आता खात्रीनं सांगता येतं.

मधल्या काळात नावही बदललं. ३ फेब्रुवारी २०२६ पासून डेव्हनेट असोसिएट म्हणजे सीसीएनए ऑटोमेशन. त्यावरची पायरी सीसीएनपी ऑटोमेशन, आणि सगळ्यात वरची सीसीआयई ऑटोमेशन. आधी पास झालेल्यांना नवं नाव आपोआप लागू झालं. मला हा बदल आवडला. मुलाखतीत ‘हे डेव्हनेट म्हणजे काय?’ याचं उत्तर देण्यातच पहिली पाच मिनिटं जायची. सीसीएनए हे सिस्कोचं नेटवर्कचं जुनं, पायाभूत सर्टिफिकेट; ते नाव घेतलं की एचआरलाही कळतं.

मी पुण्यात नऊ वर्षं नेटवर्कचं काम करते. आमची कंपनी इतर कंपन्यांची नेटवर्क सांभाळते, त्यामुळे रात्रीच्या अ‍ॅक्टिव्हिटी (नेटवर्कमधले ठरवून केलेले बदल) पाचवीला पुजलेल्या. पद्धत सगळीकडे असते तीच: नोटपॅडमध्ये कमांड लिहायच्या, कुणाला तरी एकदा दाखवायच्या, पुट्टीच्या (उपकरणाशी जोडून देणारं सॉफ्टवेअर) खिडकीत उजवं क्लिक करून पेस्ट करायच्या आणि श्वास रोखून बघायचं.

परीक्षेकडे मी वळले ती अशाच एका रात्रीमुळे. एका ऑफिसच्या स्विचच्या ट्रंक पोर्टवर (एकाच वायरवरून अनेक व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचे वेगळे भाग, नेणारा पोर्ट) व्हीलॅन ३० वाढवायचा होता. कमांड आहे ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०’. माझ्या नोटपॅडमध्ये ‘अ‍ॅड’ हा शब्द राहून गेला. तो नसला की स्विच आधीची सगळी यादी पुसतो आणि फक्त ३० ठेवतो. एंटर दाबलं आणि सेशन गोठलं, कारण ज्या व्हीलॅनवरून मी आत गेले होते तोही पुसला गेला होता. बदललेलं कॉन्फिग (स्विचच्या सेटिंग्ज) सेव्ह केलेलं नव्हतं, एवढंच नशीब. रात्री अडीच वाजता तिथल्या वॉचमनदादांना फोन करून, कुठल्या रॅकमधल्या कुठल्या डब्याची वायर काढून परत लावायची हे समजावत होते. स्विच जुन्या कॉन्फिगसह वर येईपर्यंतची ती मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे सर एवढंच म्हणाले, “अगं, आधी रीलोड इन टेन टाकायचं, मग हात लावायचा. सगळं ठीक दिसलं की रीलोड कॅन्सल. नाही दिसलं तर दहा मिनिटांनी स्विच स्वतःच जुन्यावर येतो.” ही युक्ती सर वीस-बावीस वर्षं वापरतायत.

पुढे अभ्यास करताना नेटकॉन्फवर आले. नेटवर्कच्या उपकरणाशी प्रोग्रामनं बोलायचा हा प्रोटोकॉल, आरएफसी ६२४१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे प्रमाण दस्तऐवज), २०११ सालचा. त्यात ‘कन्फर्म्ड कमिट’ नावाची सोय आहे: बदल लागू करायचा, आणि ठरलेल्या वेळात पुन्हा पुष्टी आली नाही तर उपकरण तो बदल स्वतः मागे घेतं. वेळ सांगितली नाही तर मुदत ६०० सेकंद. म्हणजे दहाच मिनिटं! सरांचं ‘रीलोड इन टेन’ प्रमाणग्रंथात लिहून ठेवलेलं, आणि तेही सगळा स्विच बंद-चालू न करता. त्या दिवसापासून हा अभ्यास मला परका वाटेनासा झाला. आपण हातानं, अनुभवानं जे जपून करत आलो तेच इथे नीट मांडलेलं आहे, हे कळलं.

आता परीक्षेविषयी थोडक्यात. १२० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे २५ हजारांच्या पुढे. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. नापास झालात तर पाच दिवस थांबून पुन्हा पूर्ण फी. सहा भाग आहेत. एपीआय (एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडे माहिती किंवा काम मागायची सोय) आणि इन्फ्रास्ट्रक्चर-ऑटोमेशन यांना प्रत्येकी २० टक्के. सॉफ्टवेअर डिझाइन, सिस्कोचे प्लॅटफॉर्म, अ‍ॅप्लिकेशन डिप्लॉयमेंट व सुरक्षा आणि नेटवर्कची मूलतत्त्वं यांना प्रत्येकी १५. मला पाच महिने लागले, रोज पहाटे दीड तास. रात्रपाळीच्या आठवड्यात काहीही झालं नाही, तो धरूच नका.

सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो एपीआयचा भाग. ४०१ आणि ४०३ या एरर कोडमधला फरक परीक्षेपुरता पाठ केला होता. आता तो दर आठवड्याला कामी येतो. ४०१ आला तर टोकन (ओळख पटवणारी किल्ली) बघा, ४०३ आला तर परवानगी बघा, इतकं सरळ. एका ग्राहकाकडे मेराकी (क्लाउडवरून सांभाळायची सिस्कोची नेटवर्क उपकरणं) आहे. त्याच्या एपीआयला एका ऑर्गनायझेशनमागे सेकंदाला १० विनंत्यांची मर्यादा असते. माझा पहिला लूप धडाधड विचारत सुटला आणि ४२९ (फार विनंत्या झाल्या) यायला लागले. उत्तराच्या हेडरमध्येच किती सेकंद थांबायचं ते येतं, ते वाचून थांबायचं, हे अभ्यासामुळे माहीत होतं. दहा मिनिटांत काम झालं.

प्लॅटफॉर्मच्या भागाचं मात्र तसं नाही. कुठल्या उत्पादनाचा कुठला एपीआय काय देतो हे लक्षात ठेवावं लागतं, आणि आपल्याकडे ते उत्पादन नसेल तर महिनाभरात डोक्यातून जातं. माझं गेलं.

अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष काम यांत एक मोठी दरीही आहे, ती आधीच सांगते. पुस्तकात यांग मॉडेल (कॉन्फिगचा ठरलेला साचा), रेस्टकॉन्फ (वेबच्या पद्धतीनं उपकरणाशी बोलणं), जेसनमध्ये (डेटा लिहायची एक पद्धत) नीटनेटकं येणारं उत्तर. माझ्या हाताखालच्या निम्म्याहून जास्त स्विचेसना यातलं काही कळत नाही. तिथे नेटमिको (पायथनची लायब्ररी) वापरून एसएसएचनंच (दुरून कमांड द्यायची सुरक्षित जोडणी) आत जायचं, ‘शो’ कमांडचा मजकूर उचलायचा आणि त्यातून आकडे वेगळे काढायचे. सर्टिफिकेटनं हे हातात दिलं नाही, पण कॉन्फिगकडे मजकूर म्हणून न बघता डेटा म्हणून बघायची सवय त्यानंच लावली.

त्याचं उदाहरण देते. त्या रात्रीची चूक पुन्हा होऊ नये म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली: बदलाआधी ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ घ्यायचं, बदलानंतर पुन्हा घ्यायचं, दोन्हींची तुलना करायची. पहिल्या दिवशी छान चाललं. दुसऱ्या दिवशी व्हीलॅन २५ वाढवला आणि स्क्रिप्टनं लाल अक्षरांत ओरड केली, २०-२४ गायब! काहीच गायब नव्हतं. स्विचनं ‘२०-२४’ च्या जागी आता ‘२०-२५’ असं लिहिलं होतं, आणि मी शब्द ताडून बघत होते, आकडे नाही. मग आधी चाचणी लिहिली: ‘१०,२०-२४,९९’ दिलं तर सात आकडे मिळालेच पाहिजेत. नंतर त्या चाचणीत बसेल असा कोड. आता दोन्ही याद्यांचे संच होतात, शाळेत शिकलो तसेच, आणि आधीच्या संचातून नंतरचा वजा केला की जे उरतं ते हरवलेलं. काही उरलं तर स्क्रिप्ट सेव्ह करतच नाही. रीलोडचा दहा मिनिटांचा टायमर आधीच लावलेला असतो, तो चालू राहतो. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे, पण त्यामुळे रात्री हात थरथरत नाही.

चाचणी आधी लिहायची ही गोष्ट सॉफ्टवेअर डिझाइनच्या भागात आहे. अभ्यास करताना मला वाटायचं, नेटवर्कवाल्याला हे कशाला? आता वाटतं, सगळ्यात आधी तेच शिकवावं. गिटचंही (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) तसंच. रोज रात्री सगळ्या कॉन्फिगचा बॅकअप गिटमध्ये जातो आणि सकाळी चहाबरोबर मी डिफ, म्हणजे काय बदललं ते, वाचते. कुणी परस्पर काही बदललं असेल तर ग्राहकाच्या तक्रारीआधी कळतं.

पगाराचं विचारणारे खूप आहेत. नुसत्या सर्टिफिकेटनं माझा पगार वाढला नाही. कंपनीनं फी परत दिली तेवढीच. काम मात्र बदललं. पूर्वी अ‍ॅक्टिव्हिटी करायला बोलवायचे, आता ती ठरवायला बोलवतात.

फुटलेले प्रश्न विकणाऱ्यांपासून कळकळीनं दूर राहा असं सांगते. ते पाठ करून पास झालेली मुलं मुलाखतीला येतात. जेसनमधला तिसऱ्या पातळीवरचा एक आकडा काढून दाखव म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो, आणि मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या आईवडिलांच्या पैशांचं वाईट वाटतं.

शिवाय ही परीक्षा मुख्यतः पर्याय निवडायची आणि जोड्या लावायची आहे. हातानं करून दाखवायची परीक्षा हवी असेल तर लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीची आरएचसीई बघा, तिथे चालत्या मशिनवर ऑटोमेशनसाठीचं अ‍ॅन्सिबल लिहावं लागतं. माझा पुढचा विचार तोच आहे. कॉलेजातल्या मुलांना काही क्लासवाले ‘साधी सीसीएनए सोडा, थेट ऑटोमेशनची करा’ म्हणतात, ते मला पटत नाही. इथे नेटवर्कला १५ टक्केच आहेत. ट्रंक म्हणजे काय हे माहीत नसलेल्याच्या हातात स्क्रिप्ट दिली, तर जी चूक मी एका स्विचवर केली ती तो शंभरांवर करेल.

सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, ती संपण्याआधी परीक्षा द्या किंवा कंटिन्युइंग एज्युकेशनचे (कोर्स वगैरे करून मिळणारे) ३० क्रेडिट मिळवा. मी क्रेडिटचा मार्ग धरला आहे.

आमचे सर यंदा निवृत्त होतायत. अ‍ॅक्टिव्हिटीनंतर काय काय तपासायचं याची नऊ मुद्द्यांची यादी त्यांच्या डायरीत आहे, शाईनं लिहिलेली. महिनाभरापूर्वी ती त्यांनी मला फोटो काढू दिली. एकेक मुद्दा मी चाचणीत उतरवते आहे. सात झाले, नववाही झाला. आठवा असा आहे: ‘तिथे असलेल्या माणसाला रिसीव्हर उचलून टोन येतो का ते विचार.’ फोन रजिस्टर झालाय हे स्क्रिप्ट सांगते, टोन ऐकू येतो का ते सांगत नाही. त्यामुळे वॉचमनदादांचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे.